उजवीकडचा शेवटचा फेडर

फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कणकेत होते. एकादशी होती, भजनाला बसायची वेळ झाली होती आणि पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक मी मळत होतो. ते काम मी सुनेला देत नाही. तिची कणीक पोळीला चांगली, पखवाजाला घट्ट. तिने फोन माझ्या कानाशी धरला. पलीकडून मुलुंडच्या सुलभावहिनी बोलत होत्या. "भाऊजी, हे गेले हो," म्हणाल्या. अरविंद दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. मुलगी बंगलोरहून सकाळी पोचणार, तोवर ठेवणार होते. मी म्हटलं, लगेच निघतो. तर म्हणाल्या, आज एकादशी ना, भजन करून या, तुमचं भजन मोडलेलं यांना चाललं नसतं. मी कणीक लावली, जाऊन बसलो आणि वाजवलं. कसं वाजवलं ते मला विचारू नका. पेटीवर आता आमच्या बुवांचा मुलगा बसतो, त्याने एकदाही माझ्याकडे वळून पाहिलं नाही, म्हणजे बरं वाजवलं असणार. मग रात्रभर मुलुंडला त्याच्या उशाशी बसलो.

अरविंद साउंड रेकॉर्डिस्ट होता. अंधेरीला एका औद्योगिक वसाहतीत, खाली पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आणि वर स्टुडिओ, अशा जागी त्याने उमर काढली. वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्या बाईंनी मला विचारलं, तुम्ही लिहाल का, जवळचे होता म्हणून. मी चौथीपर्यंत शिकलेला, कारखान्यात लेथवर काम केलेला माणूस. तरी हो म्हटलं. ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी बघावं, मजकुराला हात लावायचा नाही, एवढं आधीच सांगून ठेवलं आहे. दुसरं कोणी लिहिलं असतं तर अरविंद किती सभ्य, किती निगर्वी असं लिहिलं असतं. तो सभ्य होता हे खरं, पण निगर्वी वगैरे काही नव्हता. त्याच्या कानाचा त्याला गर्व होता आणि माझ्या हाताचा मला होता. म्हणून तर जमलं आमचं.

तो गेल्यावर आठवड्याभराने त्याच्या घरी माणसं जमली. रडारड नव्हती, अरविंदला ती आवडत नसे. जो तो त्याच्या गमती सांगत होता. त्यात प्रदीप होता. हा अरविंदच्या हाताखाली तयार झाला, आता बोरीवलीला त्याचा स्वतःचा स्टुडिओ आहे. तो म्हणाला, सरांचा खरा शोध म्हणजे सोळा नंबर. मिक्सरवर उजवीकडचा शेवटचा फेडर. फेडर म्हणजे आवाज कमी-जास्त करायला वर-खाली सरकवतात ती चावी. सोळा वाद्यं घेता येतील अशा सोळा चाव्या त्या मिक्सरवर ओळीने होत्या, पण सोळाव्या चावीला म्हणे काहीच जोडलेलं नसायचं. कोणी पाठीमागे उभं राहून फार कटकट करायला लागलं, माझी सतार वाढवा, माझा आवाज वाढवा, की सर खुर्ची ओढून त्याला शेजारी बसवायचे आणि म्हणायचे, हा तुमचा, तुम्हीच सांभाळा. तो माणूस तासभर चावी वर-खाली करायचा, घामाघूम व्हायचा आणि खूश होऊन जायचा. वर सांगायचा, बघा, आता कसं झालं.

सगळे हसले. सुलभावहिनीही डोळे पुसत हसल्या. मी हसलो नाही.

"सगळ्यांनाच?" मी प्रदीपला विचारलं.

"सगळ्यांनाच, काका," तो म्हणाला. "सर कोणाला सोडायचे?"

आता माझी अडचण सांगतो. त्या मिक्सरसमोर, उजव्या टोकाला, खुर्ची ओढून मीही एकदा बसलो होतो. आमच्या मंडळाच्या कॅसेटमधला पखवाज मिक्सिंगला मी माझ्या हाताने सांभाळला, हे मी इतकी वर्षं घाटकोपरपासून कणकवलीपर्यंत सांगत आलो आहे. लग्नात सांगितलं, बारशात सांगितलं, अरविंदच्या देखत सांगितलं. तो कधी नाही म्हणाला नाही. नुसता हसायचा. प्रदीप बोलून गेला आणि मला ते हसणं आठवायला लागलं... घरी येऊन सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, बाबा, कॅसेट चांगली झाली ना, कोणी केली याने काय फरक पडतो? तिला पडत नसेल. मला पडतो. त्याने जाणता माणूस समजून ती चावी माझ्या हातात दिली, की किरकिऱ्या पोराच्या हातात खुळखुळा देतात तशी दिली, एवढंच मला कळायला हवं होतं. आणि ज्याला विचारायचं तोच नव्हता.

म्हणून पहिल्यापासून आठवत बसलो. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. तेव्हा कॅसेटचं पेव फुटलं होतं, आरतीच्या कॅसेटी, लग्नगीतांच्या कॅसेटी, कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडेसुद्धा मिळायच्या. एका कॅसेट कंपनीचे देसाई म्हणून गृहस्थ घाटकोपरला आमच्या टेकडीवरच्या चाळीत भजन ऐकायला आले आणि गणपतबुवांना म्हणाले, तुमची कॅसेट काढू. बुवा म्हणजे आमच्या मंडळाचे गाणारे, पेटीही तेच वाजवायचे. माझ्या गावचे, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. माझ्या बापाच्या पाठी त्यांनीच मला पखवाजावर बसवला. भजनात आम्ही सगळे कोंडाळं करून बसतो. बुवा मध्ये, त्यांच्या उजव्या हाताला मी, मागे झांजवाले आणि कोरस. मी बुवांच्या तोंडाकडे बघत नाही, त्यांच्या पेटीच्या भात्याकडे बघतो. भात्यावरचा डावा हात थोडा ढिला पडला की मी समजतो, आता बुवा तोड घेणार, आता लय चढवणार. हे कोणी शिकवलेलं नाही. एका पंगतीत जेवणाऱ्याला वाढप्याचा हात कळतो तसं आहे ते.

अंधेरीच्या त्या गाळ्यात आम्ही गेलो तर भिंतींना गोणपाट, त्यावर भोकाभोकांच्या फळ्या, आणि एक तरुण माणूस, जाड भिंगाचा चष्मा, शर्टाच्या खिशाला तीन रंगांची तीन पेनं. तो अरविंद. त्याने आम्हाला पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की तुम्हाला एकत्र बसता येणार नाही. बुवा मोठ्या खोलीत, मी काचेपलीकडच्या छोट्या खोलीत, झांजा आणि कोरस तर आज नाहीतच, त्यांचं उद्या वरून भरू. झांजवाले इतके वैतागले की म्हणाले, आम्हाला काय तोंडी लावायला आणलंत? अरविंदने त्यांना शांतपणे सांगितलं, झांज म्हणजे मांजर आहे, कितीही दारं लावा, सगळ्या खोल्यांतून फिरून येते. ती बुवांच्या माइकमध्ये शिरली की उद्या मला बुवांचा आवाज वाढवता येणार नाही, झांजही वाढेल. मग त्याने आम्हाला मशीन दाखवलं. रुंद टेप, तिच्यावर आठ वाटा. मला ते असं कळलं, की शेतात आठ पाट काढलेत आणि मिक्सर म्हणजे बांध. कुठलं पाणी कुठल्या पाटात सोडायचं ते तिथं ठरतं. बुवांचा गळा एका पाटात, पेटी दुसऱ्यात. माझ्या पखवाजाला त्याने दोन पाट दिले, डाव्या तोंडाला एक, उजव्याला एक. मला बरं वाटलं. बुवांच्या गळ्याला एक आणि मला दोन.

पण बरं वाटणं फार टिकलं नाही. त्याने माझ्या हातात हेडफोन दिला. म्हणाला, हा कानाला लावा, यातून बुवा ऐकू येतील. मी लावला आणि धुमीवर, म्हणजे डाव्या तोंडावर, हात टाकला तर माझाच हात मला ऐकू येईना. आवाज आला, पण तो डब्यातून आल्यासारखा, कातड्याचा नव्हे. पखवाजवाला हाताने वाजवतो आणि कानाने हात आवरतो. कान झाकले तर मी काय वाजवणार? मी हेडफोन काढून ठेवला. देसाई म्हणाले, सगळे लावतात. मी म्हटलं, सगळ्यांनी लावावा. अर्धा तास हेच. देसाईंनी शेवटी बुवांना बाजूला घेऊन सांगितलं, स्टुडिओतला रोजचा ढोलकीवाला खाली चहा पितोय, त्याला बसवू, भाड्याचा वेळ चाललाय. हे मला ऐकू जाईल अशा बेतानेच सांगितलं. बुवा माझ्यापाशी आले. बुवांनी मालवणी सोडून कधी दुसरं काही बोललेलं मी ऐकलं नाही.

"बाबल, तू नाय तर मी पण नाय, ह्या ठरला," ते म्हणाले. "पण मेल्या, ता कानार घातलंस तर काय कान गळान पडतले?"

मी म्हटलं, "बुवानू, माझो हात माका ऐकाक येवक व्हयो."

अरविंद हे सगळं काचेपलीकडून ऐकत होता, कारण माइक चालू होता. तो आत आला. मला वाटलं समजूत घालणार. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. तो जमिनीवर उकिडवा बसला, खिशातून सुतळी काढली आणि माझ्या पखवाजाच्या दोन्ही तोंडांशी लावलेल्या माइकांपासून मोजमाप घ्यायला लागला. मग रेडिओच्या आकाराचे दोन छोटे स्पीकर आणले. एक माझ्यासमोर ठेवला, एक माझ्या पाठीमागे, दोन्ही माइकांपासून सारख्याच अंतरावर. सुतळी ताणून बघायचा, डबा बोटभर सरकवायचा, परत सुतळी ताणायचा. मग मागच्या स्पीकरच्या दोन तारा त्याने सोडवल्या आणि उलट्या जोडल्या. देसाई दारातून म्हणाले, अहो, स्पीकरमधला आवाज माइकमध्ये नाही का शिरणार? तो म्हणाला, नाही शिरणार. मी विचारलं कसा नाही, तर मला जे सांगितलं ते आजही पाठ आहे. समोरचा डबा हवा ढकलतो त्याच क्षणी मागचा ओढतो. माइक दोघांच्या बरोबर मध्ये, त्याला दोन्हीकडून सारखंच, म्हणून त्याच्या लेखी काहीच झालं नाही. तुमचे कान मधोमध नाहीत, म्हणून तुम्हाला ऐकू येईल.

आणि आलं. कसं सांगू... बुवा काचेपलीकडे होते, पण आवाज माझ्या कपाळाच्या आत बसून गात होता. कान उघडे, हात माझा मला ऐकू येतोय, आणि बुवाही. अरविंदने माझी बैठक थोडी वळवून दिली, आता काचेतून बुवांचा भाता दिसत होता. हे मी त्याला सांगितलं नव्हतं. मी कुठे बघतो ते त्याने बघितलं होतं. दुपारपर्यंत आम्ही एक बाजू पुरी केली. ढोलकीवाला खाली किती चहा प्याला कोण जाणे.

दुपारी डबे उघडले तेव्हा 'अहो' गळून पडलं. अरविंदच्या डब्यात पोळी आणि फरसबी, माझ्या डब्यात बांगड्याचं तिखलं. त्याच्या घरी मासा शिजत नसे. तो माझ्या डब्याकडे नुसता बघत होता. मी अर्धा बांगडा झाकणात काढून त्याच्यापुढे सरकवला. त्याने काटे साफ केले आणि म्हणाला, "बाबल, उद्या पण आणशील ना रे?" वहिनींना हे आज वाचून कळतंय. कळू दे.

दुसऱ्या दिवशी झांजा, कोरस वगैरे भरलं. ते भजन म्हणणारे लोक एका बंद खोलीत, बुवा नाहीत, मी नाही, हेडफोन लावून टेपमधल्या बुवांना साथ देताहेत, हे बघून मला हसू आवरेना. शेवटच्या गजराला त्यांच्या सवयीप्रमाणे ते उभे राहिले आणि सगळ्यांच्या हेडफोनच्या वायरी ताणून एक झांजवाला मागे पडला. तेवढा भाग पुन्हा करावा लागला.

मग मिक्सिंग. त्याला मला कोणी बोलावलं नव्हतं. कच्ची टेप ऐकून आलेले बुवा म्हणाले, तुझो पखवाज वायच मागे वाटता, बावीत बसान वाजवल्यासारखो. बाव म्हणजे विहीर. मी कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि अंधेरीला जाऊन अरविंदच्या पाठीशी उभा राहिलो. आठ पाटांतलं पाणी आता दोन पाटांत आणायचं होतं, डावा कान आणि उजवा कान. त्या काळी हे सगळं हाताने. टेप सुरू झाली की गाणं संपेपर्यंत बोटं चालवायची, बुवा इथे वर, कोरस इथे खाली, झांज दाबून धर. मध्ये चुकलं की परत पहिल्यापासून. अरविंदचे हात मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितले. लेथवर एक बारीक सूत काढणारा माणूस जसा दम धरून काढतो, तसे. तरी मी बोलायचा राहिलो नाही. म्हटलं, पखवाज वाढव. त्याने ऐकलं न ऐकलं केलं. थोड्या वेळाने परत म्हटलं. देसाईंनी कपाळाला हात लावला. चौथ्यांदा म्हटलं तेव्हा अरविंदने टेप थांबवली.

मला वाटलं बाहेर काढणार. त्याने पायाने एक खुर्ची ओढली, मिक्सरच्या उजव्या टोकाला ठेवली. पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा फाडला, त्यावर पेनाने 'बाबल' लिहिलं आणि टोकाच्या फेडरखाली चिकटवला. मग दोन बटणं दाबली, मागच्या बाजूला हात घालून एक वायर काढून दुसरीकडे लावली, आणि म्हणाला, तुझी दोन्ही तोंडं एका चावीवर आणली. ही तुझी, तूच सांभाळ. अट एकच, बुवा शब्द बोलत असतील तेव्हा तू त्यांच्या पुढे जायचं नाही.

आता प्रदीपची गोष्ट ऐकल्यावर तुम्हीच सांगा, मला काय वाटलं असेल? उजवं टोक तेच, खुर्ची तीच, वाक्यही तेच. बटणं तर कोणीही दाबून दाखवेल. मी चावी वर केली तेव्हा मला पखवाज वाढलेला ऐकू आला होता, हे मी शपथेवर सांगेन. पण प्रदीपही तेच सांगतो, सगळ्यांनाच ऐकू यायचा.

त्या दिवशी मात्र माझ्या मनात शंका नव्हती. मी सुरुवातीला मोठ्या हौसेने चावी वर नेली. मग दोन-तीन अभंग झाले आणि माझं मलाच कळायला लागलं. भजनात आपण वाजवत असतो तेव्हा बुवांचा शब्द कानावरून जातो, मनात कुठे बसतो? इथे हात मोकळे. मी पहिल्यांदा बुवा काय म्हणताहेत ते ऐकलं. आणि आपोआप चावी खाली यायला लागली, कोणी न सांगता. अरविंद माझ्याकडे बघत नव्हता, पण एकदा म्हणाला, "आता बरोबर." तेवढंच. मला माझ्या बापाने असं 'बरोबर' कधी म्हटलं नव्हतं.

शेवटी गजर आला. गजर म्हणजे भजनाचा कळस, लय चढत जाते, झांजा कडकडतात, सगळे उठतात. मी खुर्चीत बसलेलो, बोट चावीवर. बुवांचा भाता समोर नव्हता तरी मला दिसायला लागला, आणि मी विसरलो की मी वाजवणारा नाही, ऐकणारा आहे. माझं बोट समेवर चालायला लागलं. सम आली की चावी वर, गेली की खाली. आवर्तनामागून आवर्तन, चावी म्हणजे जणू धुमीच. गाणं संपलं तेव्हा मला जाग आली. मी घाबरून विचारलं, "चुकलं काय रे? परत करायचं?" अरविंद फिरणाऱ्या टेपकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नाही. असंच राहू दे." देसाई घड्याळ बघत होते, त्यांना तेच हवं होतं.

कॅसेट निघाली, बरी खपली. आम्ही श्रीमंत झालो नाही, पण गावच्या जत्रेत लाउडस्पीकरवर स्वतःला ऐकलं. आणि अरविंद माझ्या गळ्यात पडला तो कायमचा. एकादशीला मुलुंडहून घाटकोपरला येऊन मागे झांजवाल्यांत बसायचा. मी धुमीला कणीक लावायला लागलो की सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, याची एक धुमी होते तोवर आमच्या घरी चार पोळ्या होतात. मी म्हणायचो, तुझ्या घरी मोजमापाला सुतळी लागत असेल. एका दिवाळीला आमचं कडाक्याचं भांडण झालं, पखवाजाचा आवाज लाकडाचा की कातड्याचा यावरून, आणि आम्ही होळीपर्यंत बोललो नाही. होळीला तो पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आला आणि दारातच म्हणाला, कातड्याचा. मी म्हटलं, लाकडाचाही असतो थोडा. बुवा गेले, चाळ पाडून टॉवर झाला, लोकांच्या घरातून कॅसेटी गेल्या, स्टुडिओतलं मशीन भंगारात गेलं. अरविंद नव्या मुलांना कॉम्प्युटरवर शिकवत राहिला. त्याला त्याचं दुःख नव्हतं. म्हणायचा, पाट तेच आहेत रे, फक्त शंभर झालेत.

तुम्ही म्हणाल, एवढी वर्षं कॅसेट घरात असून मला खरं-खोटं कळलं कसं नाही? त्याचं उत्तर सोपं आहे. पखवाजवाल्याला स्वतःचा पखवाज गप्प बसून ऐकता येत नाही. टेप लागली की माझे हात मांडीवर सुरू होतात. सम माझ्या मांडीवरच पडते, टेपमधली सम मला कुठून ऐकू येणार? सून म्हणते, बाबा, तुम्ही ऐकत नाही, तुम्ही परत वाजवता.

लेखासोबत छापायला अरविंदचा फोटो हवा होता. त्या निमित्ताने मी परवा मुलुंडला गेलो आणि पिशवीत कॅसेट टाकली, कारण माझा टेप कधीचाच बिघडलाय आणि अरविंदचा चालू आहे हे मला ठाऊक होतं. फोटो घेतला. मग वहिनींना म्हटलं, हे एकदा लावाल का, शेवटचा गजर ऐकायचा आहे. प्रदीपचं काही बोललो नाही. बायकामाणसासमोर ते कसं बोलणार? वहिनींनी कपाटातून स्पिरिटची बाटली काढली, काडीला कापूस गुंडाळून टेपच्या आतलं पुसलं. सगळं त्याच्यासारखं. पुसता पुसता म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? हा गजर लागला की हे नेहमी म्हणायचे, इथे बाबल दोनदा वाजवतो. म्हणजे काय हो? मी विचारलं तर म्हणायचे, त्यालाच विचार. तर राहूनच गेलं."

मला माहीतच नव्हतं.

वहिनी चहाचं आधण ओट्यावर ठेवून आल्या आणि त्यांनी बटण दाबलं. मी स्पीकरसमोर अरविंदच्या खुर्चीत बसलो होतो. बुवांचा आवाज आला... आणि माझे हात मांडीवर गेले. वहिनींनी स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारली. म्हणाल्या, तिथे नका बसू, हे कधी तिथे बसून ऐकायचे नाहीत. इकडे ओट्याशी उभं राहायचे, हाताची घडी घालून. म्हणायचे, दुसऱ्या खोलीतून जे ऐकू येतं तेच खरं. मी उठून गेलो. ओट्याला टेकून उभा राहिलो, हात काखेत घट्ट दाबले. माझ्या हातांना असं बांधून घालायची सवय नाही, पण दाबले.

लय चढली. झांजा आल्या. आणि समेवर पखवाज एक पाऊल पुढे आला, आणि मागे सरला. पुढच्या समेवर परत आला, परत मागे. हा हाताचा जोर नव्हे. हाताने जोर लावला की कातडं ताणतं, आवाजाचा रंग पालटतो. इथे रंग तोच, पखवाज नुसता जवळ येत होता आणि लांब जात होता, कोणीतरी बोटाने ढकलल्यासारखा. एका ठिकाणी तर सम होऊन गेल्यावर उशिराने पुढे येतो, लाजल्यासारखा. तिथे माझं बोट चुकलंय. इतकं माझं की अंगठ्याचा ठसाही त्यापुढे काही नाही. आणि हे अरविंदच्या कानातून सुटलं असेल हे शक्यच नाही. त्याने ते ऐकलं आणि राहू दिलं. नंतर या ओट्याशी उभा राहून ऐकत राहिला, कोण जाणे किती वेळा. प्रदीप हे वाचेल. वाचू दे. तो आला त्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट आहे.

वहिनी माझ्या शेजारीच उभ्या होत्या, हातात लायटर, आधण तसंच थंड. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्यांनी खुणेने थांबायला सांगितलं. गॅसच्या आवाजात बारीकसारीक सगळं मरतं, म्हणून टेप चालू असेपर्यंत या घरात चहा होत नाही. गजर संपला. जयजयकार संपला. त्यामागे नुसत्या टेपची सळसळ राहिली, तीही संपली आणि खट्‌ करून बटण वर आलं. मग त्यांनी गॅस पेटवला.